शिक्षा नको, विराम हवा!

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. लोकवस्ती सुमारे तीन हजारांची. २०२२ साली स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येला, १४ ऑगस्टला, ग्रामस्थांच्या बैठकीत एक निर्णय झाला आणि त्याची वार्ता पाहता पाहता सातासमुद्रापलीकडे गेली. सायंकाळी सात वाजता गावातील मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की घराघरांतील दूरचित्रवाणी संच बंद होत, मोबाईल बाजूला ठेवले जात आणि मुले पुस्तके घेऊन बसत. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत हा विराम चाले. करोनाच्या काळात शाळा मोबाईलवर भरली होती. शाळेचे दरवाजे उघडल्यावर मुले वर्गात परतली, मोबाईल मात्र हातातून सुटला नाही, हे शिक्षकांच्या आणि पालकांच्या ध्यानात आले होते. सरपंच विजय मोहिते यांनी पुढाकार घेतला, घरोघर जाऊन समजूत घालण्यात आली आणि गाव तयार झाले.

या प्रयोगाची स्तुती पुष्कळ झाली. त्यातील मर्म मात्र फार थोड्यांनी ओळखले. वडगावचा भोंगा केवळ मुलांसाठी वाजत नव्हता, तो गावासाठी वाजत होता. मुलाच्या हातातील मोबाईल खाली ठेवला जाई तेव्हा बापाचाही ठेवला जाई आणि आईची मालिकाही थांबे. कोणी अपराधी नव्हता, कोणाला शिक्षा नव्हती. ठरलेली वेळ होती आणि ती सर्वांना सारखीच होती.

शहरातील मध्यमवर्गीय घरात नेमके याच्या उलट घडते. मुलगा अभ्यासाला बसत नाही, बसला तर पाच मिनिटांत उठतो, वह्या हरवतो, वर्गात मध्येच बोलतो, लहानशा नकाराने संतापाने थरथरतो. शाळेतून तक्रार येते. वडील कार्यालयातून थकून येतात, तक्रार ऐकतात आणि मुलाच्या हातातील मोबाईल हिसकावून घेतात. घरात आकांत होतो. अर्ध्या तासाने तेच वडील सोफ्यावर बसून स्वतःच्या मोबाईलवर बोट फिरवत असतात आणि आई शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर उद्याचा गृहपाठ शोधत असते. दोन दिवसांनी पाहुणे येतात, मुलाने गोंधळ घालू नये म्हणून तोच मोबाईल त्याच्या हाती परत दिला जातो. हिसकावणे हीही सोय आणि परत देणे हीही सोय! यात मुलाच्या मनाचा विचार कोठेच नसतो.

हे मूल जर अवधान-न्यूनता व अतिचंचलता या विकाराने, म्हणजेच प्रचलित भाषेत एडीएचडीने त्रस्त असेल, तर या हिसकाहिसकीची किंमत त्याला इतर मुलांपेक्षा कितीतरी अधिक मोजावी लागते. म्हणूनच या प्रश्नाचा विचार नुसत्या 'मोबाईलचे दुष्परिणाम' या गुळगुळीत विषयाच्या चौकटीत करून भागणार नाही.

दोन टोकांचे अज्ञान

या विकाराविषयी समाजात दोन प्रकारचे अज्ञान नांदते आहे. एक पक्ष म्हणतो, "हे सारे पाश्चात्त्यांचे फॅड आहे. आमच्या वेळी नव्हते असले काही. दोन ठेवून दिल्या की मूल सरळ होत असे." दुसरा पक्ष म्हणतो, "मोबाईलमुळेच हा रोग झाला. मोबाईल बंद केला की रोग बरा." पहिला पक्ष रोग नाकारतो, दुसरा त्याचे कारण चुकीचे सांगतो, आणि दोघांच्याही मताचा शेवट एकाच ठिकाणी होतो, तो म्हणजे मुलाच्या पाठीत धपाटा आणि आईच्या माथी दोष.

वस्तुस्थिती काय आहे? लक्ष एकाग्र न होण्याच्या अवस्थेचे वर्णन स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रिक्टन यांनी १७९८ साली आपल्या ग्रंथात केले होते. १९०२ साली जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये अशा मुलांवर व्याख्याने दिली आणि ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्या वेळी भ्रमणध्वनी तर सोडाच, घरात नभोवाणीही नव्हती. १९३७ साली चार्ल्स ब्रॅडली यांना अमेरिकेत असे आढळले की, उत्तेजक वर्गातील एका औषधाने अशी काही मुले अधिक चंचल होण्याऐवजी शांतपणे अभ्यासाला बसतात. १९४४ साली मिथाइलफेनिडेट हे औषध प्रथम तयार झाले आणि आजही ते या विकारावरील प्रमुख औषधांपैकी एक आहे. जगभरातील पाहण्यांचा एकत्र विचार करता सुमारे पाच टक्के मुलांमध्ये हा विकार आढळतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून त्यातील आनुवंशिकतेचा वाटा सुमारे सत्तर ते पंचाहत्तर टक्के मानला जातो. ज्याला 'आमच्या वेळी नव्हते' म्हटले जाते, ते त्या वेळीही होतेच. त्याला 'वांड', 'उडाणटप्पू', 'आगाऊ' अशी नावे होती, आणि ती मुले चौथी-सातवीतच शाळेबाहेर पडत, म्हणून ती दिसत नसत, एवढेच.

मुलींच्या बाबतीत तर हे अज्ञान दुहेरी आहे. अनेक मुलींमध्ये धावपळ आणि आरडाओरडा कमी, हरवलेपण अधिक असते. ती मुलगी खिडकीबाहेर पाहत बसते, कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. 'धांदरट आहे' या एका शब्दावर तिचे सारे शालेय जीवन निकालात काढले जाते.

मोबाईल अपराधी, पण कोणत्या गुन्ह्याचा?

मग मोबाईल निर्दोष आहे काय? मुळीच नाही, पण आरोप नेमका ठेवला पाहिजे. खोटा आरोप ठेवला की खरा गुन्हेगारही सुटतो.

२०१८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात लॉस एंजेलिस परगण्यातील २,५८७ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पंधरा-सोळा वर्षांच्या या मुलांमध्ये आरंभी या विकाराची लक्षणीय चिन्हे नव्हती. त्यांच्याकडे दोन वर्षे लक्ष ठेवण्यात आले. चौदा प्रकारच्या डिजिटल माध्यमांपैकी एकाचाही वारंवार वापर न करणाऱ्या मुलांपैकी ४.६ टक्क्यांत पुढे विकाराची लक्षणे दिसली; सातांचा वारंवार वापर करणाऱ्यांत ९.५ टक्के, तर चौदाही प्रकार वारंवार वापरणाऱ्यांत १०.५ टक्के. अंतर आहे, आणि ते दुर्लक्ष करण्याजोगे नाही. तथापि, हा केवळ संबंध आहे, यावरून कारण सिद्ध होत नाही, हे संशोधकांनीच बजावून सांगितले होते. ज्याचे चित्त मुळात अस्थिर, तोच पडद्याकडे अधिक ओढला जातो, ही शक्यताही तितकीच खरी आहे.

मोबाईलने हा विकार जन्माला येतो असे म्हणण्यास म्हणूनच पुरेसा आधार नाही. पण विकार असलेल्या मुलाच्या जखमेवर तो मीठ चोळतो, असे म्हणण्यास मात्र आधार आहे. ते कसे, हे पालकांनी नीट समजून घेतले पाहिजे.

पालकांची एक नेहमीची शंका असते: "खेळ खेळायला तीन तास एका जागी बसतो, तेव्हा कसे लागते लक्ष? म्हणजे हा आळशीपणाच नव्हे काय?" या शंकेतच विकाराचे वर्म दडले आहे. या मुलाकडे लक्ष नाही असे नाही; लक्षाचा लगाम त्याच्या हातात नाही. उशिरा मिळणाऱ्या फळासाठी थांबणे त्याला अतिशय जड जाते. अभ्यासाचे फळ परीक्षेनंतर, म्हणजे महिन्यांनी मिळते. खेळातले फळ क्षणाक्षणाला मिळते. रंग, आवाज, गुण, बढती. त्यामुळे ते मन तेथे चिकटते आणि चिकटले की सुटत नाही. एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळणे हेच ज्याला अवघड, त्याच्या हातून ऐन रंगात आलेला खेळ अकस्मात हिसकावला की स्फोट होणारच. त्या स्फोटाला उद्धटपणा म्हणणे म्हणजे लंगडणाऱ्याला नाटकी म्हणण्यासारखे आहे.

हा विकार केवळ लक्षाचा नाही, भावनांचाही आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निदान-पुस्तिकेत चटकन होणारा वैताग, चिडचिड, मनःस्थितीचे झोके यांचा उल्लेख या विकाराशी निगडित लक्षणांत केलेला आहे. राग सर्वांनाच येतो. पण येणारा राग आणि त्यावरची कृती यांच्यामध्ये जो क्षणभराचा थांबा असतो, तो या मुलांत अपुरा पडतो. रसेल बार्कली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे हेच मांडले की, आत्मनियमनाच्या बाबतीत ही मुले समवयस्कांपेक्षा साधारण तीस टक्क्यांनी मागे असतात. हा ढोबळ ठोकताळा आहे. पण तो ध्यानात ठेवला, तर दहा वर्षांच्या मुलाकडून सात वर्षांच्या मुलाइतकीच संयमाची अपेक्षा ठेवावी, एवढे शहाणपण घरात येईल.

आता या अपुऱ्या थांब्यावर पडदा काय करतो ते पाहावे. तो थांबूच देत नाही. एक चित्रफीत संपण्यापूर्वी दुसरी उभी असते. कंटाळा, प्रतीक्षा, हुरहुर या भावना सोसण्याचा सराव ज्याला सर्वांत जास्त हवा, त्यालाच त्या भावनांपासून अहोरात्र पळून जाण्याची वाट मिळते. रात्री उशिरापर्यंत डोळ्यांसमोर प्रकाश राहतो; मुळातच उशिरा झोप लागण्याची प्रवृत्ती असलेल्या या मुलांची झोप आणखी उडते; आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशीची चिडचिड दुप्पट होते. वर्गात बोलणी बसतात, घरी बोलणी बसतात आणि त्या अपमानाचा विसर पडावा म्हणून मूल पुन्हा पडद्याकडे वळते. हे चक्र आहे. ते कोठेतरी तोडावे लागते. ते तोडण्याची जागा म्हणजे विराम.

लक्षाचा बाजार

घरातला हा झगडा मूल आणि पालक यांच्यातला दिसतो; प्रत्यक्षात तो तसा नाही. तिसरा पक्ष घरात येऊन बसला आहे आणि तो अदृश्य आहे. माहितीचा सुकाळ झाला की लक्षाचा दुष्काळ पडतो, हे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच सांगितले होते. पुढे या दुष्काळात सावकारी करणारे उद्योग उभे राहिले. पान कधी संपूच नये अशी 'अनंत सरकपट्टी' २००६ साली रचणारे आझा रास्किन यांनी पुढे आपल्या या शोधाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी २०१७ साली उघड कबुली दिली की, ही माध्यमे माणसाच्या मनातील दुबळ्या जागेचा जाणीवपूर्वक लाभ उठवण्यासाठी रचली गेली. त्याच वर्षी नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी आपली स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे, असे सांगितले.

ही कबुली विरोधकांची नाही, कारखानदारांची आहे. एकीकडे जगातील निवडक अभियंते, अमर्याद भांडवल आणि प्रत्येक बोटाच्या हालचालीची नोंद ठेवणारी यंत्रे. दुसरीकडे मनाचा लगाम जन्मतःच सैल असलेला दहा वर्षांचा मुलगा. या लढाईत मुलगा हरला, तर 'संस्कार कमी पडले' असा निकाल देणाऱ्यांनी आपल्या विवेकाला एकदा प्रश्न विचारावा. थोरामोठ्यांची झोप ज्याने उडवली, त्याच्यापुढे एकट्या मुलाने संयमी राहावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

आणि म्हणूनच विराम हा घराचा, शाळेचा आणि वस्तीचा असावा लागतो. एकट्या मुलाचा विराम म्हणजे एकट्या मुलाची हद्दपारी होय.

शिक्षा आणि विराम यांतील अंतर

शिक्षेला वेळ नसते, ती संतापाच्या लहरीवर येते. विरामाला वेळ असते, तो आधी सांगून येतो. शिक्षा एकट्याला होते, विराम सर्वांचा असतो. शिक्षेत वस्तू काढून घेतली जाते आणि पोकळी उरते. विरामात एक गोष्ट बाजूला ठेवून दुसरी हाती दिली जाते. शिक्षा संपली की मूल दुप्पट वेगाने पडद्याकडे धावते. विरामाची सवय झाली की ते थांबायला शिकते. या विकारात थांबायला शिकणे हीच तर खरी कमाई आहे.

विराम पाळायचा तर काही पथ्ये सांभाळावी लागतात. पहिले पथ्य असे की, आरंभ लहान असावा. दोन तासांची प्रतिज्ञा करून तिसऱ्या दिवशी मोडण्यापेक्षा वीस मिनिटांचा विराम महिनाभर टिकला तर तो मोलाचा. दुसरे, वेळ दिसली पाहिजे. या मुलांना काळाचा अंदाज कमी असतो. 'थोड्या वेळाने बंद कर' या वाक्याला त्यांच्या लेखी अर्थ नसतो. भिंतीवरचे घड्याळ, वाळूचे घड्याळ, दहा मिनिटे आणि पाच मिनिटे आधी दिलेली शांत सूचना यांनी अर्धा तंटा मिटतो. मंदिरावरचा भोंगा हे याच तत्त्वाचे गावठी रूप होते, आणि ते नामांकित चिकित्सालयातील सल्ल्याच्या तोडीचे होते.

तिसरे, रिकामी जागा शरीराने भरावी. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी या विकाराच्या सात ते बारा वर्षांच्या सतरा मुलांना वीस-वीस मिनिटे तीन ठिकाणी फिरवले. उद्यानात, बाजारपेठेत आणि वस्तीतील रस्त्यावर. उद्यानातून आलेल्या मुलांची एकाग्रता अधिक चांगली आढळली. २००९ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास लहान होता, त्यावर मनोरे रचू नयेत. पण वीस मिनिटांच्या फेरीला मोल पडत नाही आणि तिचा अपायही नाही. लगोरी, खो-खो, मल्लखांब, दोरीवरच्या उड्या, पोहणे, आजोबांबरोबर भाजी आणायला जाणे, कणीक मळणे, झाडांना पाणी घालणे. ज्यात हातपाय गुंततात ते सर्व चालते. 'मोबाईल ठेव आणि गप्प बस' हा विराम नव्हे, ती कैद आहे.

चौथे, रात्री घरातील सर्वांचे मोबाईल निजण्याच्या खोलीबाहेर एका ठिकाणी ठेवावेत. वडिलांचाही. 'मला कामाचा फोन येतो' ही सबब मुलाला लगेच कळते आणि तीच सबब पुढे त्याच्या तोंडी येते. पाचवे, राग उसळलेला असताना विराम लादू नये. उसळलेल्या दुधावर झाकण ठेवले की ते उतू जाते. आधी आच कमी करावी लागते. आणि सहावे, मोबाईलचा जो उपयोग मुलाला आधार देतो, तो शत्रू मानू नये. औषधाची वेळ सांगणारा गजर, धडा वाचून दाखवणारी सोय, कामांची यादी यांची गरज या मुलांना इतरांपेक्षा अधिक असते. सरसकट बंदीचे समर्थक हा भेद विसरतात. विस्तवाने घर जळते म्हणून कोणी चूल विझवत नाही. चुलीला जागा आणि वेळ ठरवून देतात.

एक गोष्ट मात्र निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. विराम हा उपचाराचा पर्याय नव्हे. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या आणि १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, काळजीपूर्वक दिलेल्या औषधाचा मूळ लक्षणांवरचा परिणाम स्पष्ट दिसला होता. वर्तनोपचाराची जोड दिल्याने आई-वडील व मूल यांच्या नात्यासारख्या अन्य बाबतींत लाभ दिसले. निदान करण्याचा अधिकार तज्ज्ञांचा आहे. लक्षणे बारा वर्षांच्या आतील असावीत, किमान सहा महिने टिकलेली असावीत, घर आणि शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसावीत, असे निदानाचे दंडक आहेत. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून विकार ठरवू नये आणि नातेवाइकांच्या टोमण्यावरून औषध बंद करू नये. पडद्याच्या आहारी जाण्याच्या समस्येसाठी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ सालीच 'शट' नावाचे स्वतंत्र चिकित्सालय सुरू झाले आहे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली-मानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांक तर कोणत्याही गावातून लावता येतो. मधुमेहाच्या गोळीची लाज वाटत नसेल, तर या सल्ल्याची लाज का वाटावी?

उपदेश करणारी शाळा आणि मागे राहिलेले शासन

पालकांना उपदेश करणाऱ्या शाळांनीही आरशात पाहावे. 'मुलांना मोबाईल देऊ नका' असे पालकसभेत सांगायचे आणि रात्री नऊ वाजता गृहपाठ, प्रकल्प, सूचना व्हॉट्सअॅप गटावर टाकायच्या, हा कोणता न्याय? 'असर' या पाहणीच्या २०२४ सालच्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील चौदा ते सोळा वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आधीच्या आठवड्यात शिक्षणासाठी तो वापरल्याचे सुमारे ५७ टक्क्यांनी सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे सुमारे ७६ टक्क्यांनी. अभ्यासाच्या नावाने घरात शिरलेले यंत्र कोणत्या कामाला लागले, हे या आकड्यांत स्वच्छ दिसते. गृहपाठ वहीत लिहून देणे अशक्य आहे काय? एडीएचडी असलेल्या मुलाला तर 'गटावर पाहून घे' हे सांगणे म्हणजे मिठाईच्या दुकानातून मीठ आणायला पाठवण्यासारखे आहे.

मैदानाचेही तेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे. शहरातील किती शाळांत ते नावापुरते उरले आहे, हे पालकांना ठाऊक आहे. जे उरले आहे, तेथेही चंचल मुलाला सर्वांत आधी कोणती शिक्षा होते? 'खेळाच्या तासाला वर्गात बसून राहा!' ज्याला धावण्याची सर्वाधिक गरज, त्याचेच धावणे काढून घेणारी ही शिक्षा कोणत्या शिक्षणशास्त्रात बसते? गृहसंकुलांच्या फलकांवर 'येथे खेळण्यास मनाई' असे लिहिणाऱ्या पदाधिकाऱ्यांनीही हा प्रश्न स्वतःला विचारावा. वाहने उभी करायला जागा आहे, मुलांना उभे राहायला नाही. आणि मग 'हल्लीची मुले बाहेर खेळतच नाहीत' अशी खंत व्यक्त करायला हेच पुढे!

दोघेही नोकरीला जाणारे आई-वडील, घरात वडीलधारे नाहीत, खाली मैदान नाही, अशा घरात मोबाईल हीच दाई झाली असेल, तर त्या आईला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिला उपदेश नको, हात हवा आहे. आठवड्यातून दोन सायंकाळी वस्तीतील मुलांना तासभर मैदानावर घेऊन जाणारे चार निवृत्त गृहस्थ आणि दोन महाविद्यालयीन तरुण मिळाले, तर दहा व्याख्यानमालांहून अधिक काम होईल.

जगात काय चालले आहे? फ्रान्सने २०१८ साली शाळांतील भ्रमणध्वनीवर कायद्याने निर्बंध आणले. चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलांचे ऑनलाइन खेळ शुक्रवार ते रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढ्या तासापुरते आवळले. ऑस्ट्रेलियाने २०२४ साली कायदा करून १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मज्जाव केला. भारतानेही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई केली. तरतूद उत्तम आहे. पण तिचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींच्या अंमलासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. कायदा कागदावरून घरात उतरण्यास असा काळ लागतो. मुलाचे बालपण तेवढे थांबत नाही.

शासनाचे दुसरे दुर्लक्ष अधिक बोचरे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या अक्षमतांची यादी आहे. त्यात स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचे नाव स्वतंत्रपणे नाही. २००७ साली 'तारे जमीं पर' या चित्रपटाने वाचनाची अडचण असलेल्या मुलाचे दुःख घराघरांत पोहोचवले आणि पालकांची दृष्टी बदलली. चंचल मुलाच्या वाट्याला अजून तसा चित्रपट आलेला नाही, तसा कायदाही आलेला नाही. त्याचे दुःख अजून खोडकरपणाच्या खात्यावरच मांडले जाते.

भोंगा कोणी वाजवायचा?

कायदा होईल तेव्हा होईल, कंपन्या सुधारतील तेव्हा सुधारतील. सायंकाळी सात वाजता घरातील मोबाईल खाली ठेवण्यासाठी कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही. वडगावच्या लोकांकडे बालमानसतज्ज्ञ नव्हते, प्रयोगशाळा नव्हती, अनुदान नव्हते. त्यांच्याकडे एक भोंगा होता आणि मुलाला सांगण्यापूर्वी स्वतः पाळण्याची तयारी होती. यातील दुसरी गोष्ट शहरात दुर्मीळ आहे, आणि तिच्यावाचून पहिलीचा उपयोग नाही.

दिवेलागणीची वेळ ही मराठी घरात पूर्वापार थांबण्याची वेळ होती. बाहेरचे घरात येत, हातपाय धुतले जात, दिवा लागे, दिवसाचा गलबला क्षणभर ओसरे. ज्या मुलाच्या मनात गलबला कधी ओसरतच नाही, त्याला या क्षणाची गरज सर्वांत अधिक आहे. त्या वेळी त्याच्या शेजारी बसलेल्या बापाच्या हातात मोबाईल नसावा, त्याचा हात मोकळा असावा, इतकीच ही मागणी आहे. मुलाच्या हातून मोबाईल काढून घेणे कोणालाही जमते. स्वतःचा मोबाईल खाली ठेवून त्या मुलाचा हात धरणे हेच कठीण आहे. आणि पालकत्वाची परीक्षा तेथेच आहे.